टरबूज की कलिंगड?

दोस्तांनो, उन्हाळ्यात बाजारात ज्याचे ढीगच्या ढीग लागतात, बाहेरून हिरवं आणि आतून लालबुंद, त्या फळाचं नाव सांगा बरं! पुण्या-मुंबईचे वाचक म्हणतील, 'कलिंगड!' चंद्रपूर-गडचिरोलीचे म्हणतील, 'छे, टरबूज!' आता बसा भांडत!

पण या भांडणात तुम्ही एकटे नाही. तिकडे दूर इटलीतही हेच फळ उत्तरेकडे मिलानच्या बाजारात 'आंगूरिया' असते आणि रोम-फ्लॉरेन्सकडे 'कोकोमेरो'. इटली हा एक देश झाला तो १८६१ साली. त्याआधी तिथे लहानमोठी राज्ये होती आणि घरोघरी आपापली बोली. त्या वर्षी इटालियन बोलू शकणारी माणसे शंभरात जेमतेम दोन-तीन होती, असा तुल्लियो दे माउरो या भाषाअभ्यासकाचा अंदाज आहे.

मग ही इटालियन आली कुठून? ती मुळात फ्लॉरेन्सच्या परिसरातली बोली. चौदाव्या शतकात दान्तेसारख्या थोर कवींनी तिच्यात लिहिले आणि तिचा मान वाढला. पुढे शाळेतून आणि १९५४ पासून टीव्हीवरून ती सगळीकडे पोचली. म्हणजे प्रमाण भाषा हीसुद्धा एक बोलीच. फक्त तिचं नशीब जोरावर!

आता आपल्या झाडीपट्टीत या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा जंगलाचा, तळ्यांचा आणि धानाचा मुलूख. इथे भाताच्या शेताला 'बांधी' म्हणतात, लहान तळ्याला 'बोडी'. आणि 'मंडई' म्हटलं की भाजीबाजार नव्हे हं! दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा म्हणजे मंडई. पाहुण्यांना आवर्जून बोलावणे जाते, दिवसभर दुकाने आणि रात्रभर नाटक! दंडार हे इथले जुने लोकनाट्य. वडसा म्हणजेच देसाईगंज हे नाटक मंडळ्यांचे मोठे ठिकाण. तिथून निघालेली मंडळी हंगामात गावोगाव प्रयोग करतात आणि लोक थंडीत पांघरुणे घेऊन पहाटेपर्यंत बसतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवणारे गडचिरोली जिल्ह्याचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' मिळाली.

या मुलखाच्या झाडीबोलीचा डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी बारकाईने अभ्यास केला आहे. तिच्यात ण, ळ, श, ष आणि छ हे पाच वर्ण नाहीत. म्हणून पाणी झाले 'पानी', डोळा झाला 'डोरा' आणि शेत झाले 'सेत'. झाडीतला एखादा मुलगा शिकायला मोठ्या शहरात जातो, वर्गात 'सेत' म्हणतो आणि सगळे फिदीफिदी हसतात. दुसऱ्या दिवसापासून तो बोलायचेच कमी करतो.

पण हसणाऱ्यांना एक विचारा. आपल्या मराठीची पूर्वज मानली जाते ती महाराष्ट्री प्राकृत. तिच्यातही श आणि ष नव्हते, सगळीकडे 'स'च होता! मग 'सेत' अशुद्ध कसे? चूक म्हणजे कधी होते, कधी होत नाही. इथे तर ठरलेला नियम आहे. आणि जिथे नियम आहे तिथे व्याकरण आहे. परीक्षेत 'शेत'च लिहा, तिथे प्रमाण भाषा हवीच. पण त्यासाठी 'सेत' म्हणणाऱ्या आजीची लाज कशाला वाटायला हवी?

गोंडी आणि माडिया यांना मात्र मराठीच्या बोली समजू नका. त्या तमिळ-तेलुगूच्या म्हणजे द्राविडी कुळातल्या. 'चार'ला तेलुगूत म्हणतात 'नालुगु' आणि गोंडीत 'नालुंग'. आहे की नाही बहिणी-बहिणींसारखं? भामरागडचे माडिया मूल मराठी शाळेत येते तेव्हा आधी भाषा शिकते, मग धडा. तुम्हाला कुणी पहिलीत एकदम तेलुगूतून गणित शिकवले असते तर? हीच अडचण ओळखून धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली.

भाषा मरते ती एका दिवसात नाही. आजीचा एक शब्द नातवाला लाजिरवाणा वाटतो, मग दुसरा, मग तिसरा... आणि एक दिवस ते शब्द समजणारेच कुणी उरत नाही.

म्हणून या आठवड्याचा उद्योग असा: आजी-आजोबांकडे बसा आणि पुस्तकात कधी न भेटलेले दहा शब्द वहीत उतरवून घ्या. भांड्यांची नावे विचारा, पावसाची विचारा, रानभाज्यांची विचारा. आणि वर्गात कुणी 'डोरा' म्हणाला तर हसू नका. त्याच्याकडून आणखी एक शब्द मागून घ्या!