विसर्जनानंतरही लेझीम

गणपतीच्या मिरवणुकीसाठी जुलैअखेरपासून लंडनमधल्या आपल्या मंडळात लेझीमचा सराव सुरू होतो. दर बुधवारी संध्याकाळी पन्नाशी ओलांडलेले सभासद ऑफिसातून थेट हॉलवर येतात, बॅगा भिंतीशी लावतात, बूट बदलतात आणि दीड तास घाम गाळतात. पाऊस असो की ट्यूबचा संप, सहसा कोणी चुकवत नाही. विसर्जन झाले की लेझीम खोक्यात जातात आणि यातलेच बरेचजण वर्षभर सांगतात, "व्यायामाला वेळच मिळत नाही हो." ते खोटे बोलत नाहीत. मग सरावाला वेळ कसा निघतो, हे मात्र नीट पाहायला हवे.

आपल्या भारतीयांसाठी व्यायामाचा प्रश्न जरा जास्तच निकडीचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का गाठतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. म्हणूनच ब्रिटनमध्ये आपल्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आखली आहे. "मी कुठे जाड आहे?" एवढ्यावर निश्चिंत राहणे आपल्याला परवडणारे नाही.

अडचणी खऱ्या आहेत. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. मुलांची जीसीएसईची परीक्षा असते, सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांच्या तब्येती असतात. बायकांची ओढाताण तर आणखी. कामावरून आल्या आल्या पोळ्या, दुसऱ्या दिवशीच्या डब्यांची तयारी. अंधारात एकटीने पार्कात फिरायची धास्ती. पोहायला जावेसे वाटले तरी स्विमसूटचा संकोच. अशा बाईला 'मनावर घे' म्हणून सांगणे अन्यायाचे आहे. घरातल्या पुरुषांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकघर पूर्ण आपल्याकडे घेतले, तर जिमच्या वर्गणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

रिपोर्टात साखर वाढलेली दिसली की आपण घाबरून कामाला लागतो. वर्षानुवर्षे न धावलेला माणूस जानेवारीत एकदम पाच किलोमीटर धावतो, गुडघा धरतो आणि फेब्रुवारीत सगळे थांबते. भीतीने सुरुवात होते, पण पुढे नेते ती सोबत. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ जण धावले आणि त्यातून आजची 'पार्करन' ही सामूहिक धाव उभी राहिली. फी नाही, दर शनिवारी सकाळी नऊची वेळ ठरलेली, आणि चालत पूर्ण केली तरी कोणी काही म्हणत नाही. आपल्या लेझीमचेही तेच आहे. वार ठरलेला, माणसे ओळखीची, आणि रांगेतला एक गडी आला नाही तर जोडी मोडते. म्हणून दमलेला माणूससुद्धा येतो.

तेव्हा कार्यकारिणीने ठरवले आहे की यंदा विसर्जनानंतरही बुधवारचा हॉल सोडायचा नाही. अर्धा तास लेझीम, मग ताकदीचे साधे व्यायाम. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी खुर्चीवर बसून करायचे. आठवड्याला १५० मिनिटांची मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असे इथली आरोग्यसेवा सांगते. आपल्या एका संध्याकाळने तेवढे भरणार नाही, पण बुधवारी भेटलेली माणसे शनिवारी एकत्र चालायला निघू शकतात. मुलांना घरी ठेवणे शक्य नसेल तर बरोबर आणा. हृदयाचा त्रास असेल तर आधी जीपींना विचारा. ताल येत नसला तरी चालेल, लेझीम मंडळाकडे आहेत. आपले नाव कार्यकारिणीकडे द्या, आणि ज्या मैत्रिणीला किंवा मित्राला एकट्याने यायला अवघड वाटते, त्यांच्या घरावरून या.