मैदानावरची उमेदवारी

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर, जुन्नर यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत आज फेरी मारली, तर एखाद्या दुकानाच्या गल्ल्यामागे वडीलधाऱ्यांच्या तसबिरींशेजारी चषक ठेवलेला दिसतो. घरातील मुलगा शाळेच्या किंवा तालुक्याच्या संघातून खेळतो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला सरावासाठी जातो. तोवर सर्वांना कौतुकच असते. परंतु एखादा अनोळखी गृहस्थ मैदानावर येऊन 'या मुलाला आमच्याकडे चाचणीसाठी पाठवा' असे सांगतो, तेव्हा घरात दोन तट पडतात. एकाला दहावी-बारावीचे वर्ष दिसते, तर दुसऱ्याला दूरदर्शनवरचा लिलाव. दुकान पुढे कोण पाहणार, हा प्रश्न तिसऱ्याच्या मनात असतो आणि तो बहुधा बोलत नाही. अशा वेळी निर्णय कोणत्या हिशेबावर घ्यावा, याचा विचार या महिन्यात करू.

व्यावसायिक संघ होतकरू मुले हेरण्यासाठी अनुभवी माणसे नेमतात. त्यांना सर्वत्र 'स्काउट' म्हणतात. शाळेतील स्काउट-गाईडशी त्यांचा संबंध नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या खेळात ही पद्धत फार जुनी आहे. तेथे शालेय हंगाम संपल्यावर शरद ऋतूत काही क्लबांचे स्काउट आपापल्या भागातील निवडक शालेय खेळाडूंचा संघ बांधतात आणि त्यांना एकत्र खेळवून जवळून पारखतात. या संघात स्थान मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. तेथे करार नसतो आणि वेतनही नसते. असते ती केवळ पारख. खरी निवड पुढे वार्षिक 'ड्राफ्ट'मध्ये होते. त्याच्या फेऱ्या पूर्वी ४० होत्या, २०२१ पासून त्या २० आहेत. संघ ३० असल्याने संपूर्ण अमेरिकेतून शालेय आणि महाविद्यालयीन मिळून वर्षाला सहाशेच्या आसपासच खेळाडू घेतले जातात.

आपल्याकडे हेच काम क्रिकेटमध्ये आयपीएलचे संघ करतात. विरारचा आयुष म्हात्रे हे त्याचे ताजे उदाहरण. लहानपणापासून विरारहून लोकलने मुंबईच्या मैदानांवर जाणारा हा मुलगा ऑक्टोबर २०२४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मुंबईच्या वरिष्ठ संघात आला. त्याच महिन्यात रणजी सामन्यात त्याने आपल्या महाराष्ट्राविरुद्ध १७६ धावा केल्या. चेन्नई सुपर किंग्जने त्याला चाचणीसाठी बोलावले. तथापि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ३० लाखांच्या पायाभूत किमतीलाही त्याच्यावर कोणी बोली लावली नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये पुण्याचा ऋतुराज गायकवाड कोपराच्या दुखापतीमुळे बाहेर गेला, तेव्हा त्याच्या जागी चेन्नईने आयुषला त्याच ३० लाखांत घेतले. वानखेडेवर पहिल्याच सामन्यात त्याने १५ चेंडूंत ३२ धावा केल्या आणि ३ मे रोजी बंगळुरूविरुद्ध ४८ चेंडूंत ९४.

या हकिकतीत आपण लक्ष द्यावे ते मधल्या पाच महिन्यांकडे. चाचणी झाली होती आणि लिलावात नाव पुकारले गेले होते, तरी हाती काहीच आले नव्हते. त्या काळात मुलगा मुंबईकडून खेळत राहिला आणि विजय हजारे करंडकात नागालँडविरुद्ध त्याने १८१ धावा केल्या. संधी आली ती दुसऱ्याच्या दुखापतीतून, म्हणजे कोणाच्याही नियोजनात नसलेल्या कारणाने. स्काउटने बोलावणे आणि संघाने घेणे यांत किती अंतर असते, हे येथे स्पष्ट होते.

घेतल्यानंतरही अंतर उरते. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आला आणि फेब्रुवारी २०२२ च्या लिलावात चेन्नईने त्याला दीड कोटी रुपयांना घेतले. तो संपूर्ण हंगाम त्याला एकही सामना मिळाला नाही. मार्च २०२३ मध्ये पहिली संधी मिळाली, तेव्हा त्याने गुजरातविरुद्ध ३६ धावांत ३ बळी घेतले. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी दुसऱ्या वाटेने आला. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने पुण्याच्या संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा आणि ४ बळी अशी कामगिरी केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लखनऊ संघाने त्याला २० लाखांत घेतले. तुळजापूर आणि सोलापूर येथील मुलांना ही वाट मिळते, तर नारायणगावच्या मुलाला ती बंद आहे असे मानण्याचे कारण नाही. क्रिकेटच्या रचनेत आपले दोन्ही तालुके महाराष्ट्र संघटनेच्या क्षेत्रात येतात आणि १४, १६, १९ वर्षांखालील निवडीच्या पायऱ्या आपल्या मुलांसाठीही आहेत.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण तेथे भारतीय रक्ताच्या तीन मुलांची उदाहरणे आपल्याला तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या भारतभर झालेल्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. त्यांनी तोवर बेसबॉल हाती धरला नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. दिनेशला २०१० च्या अखेरीस मुक्त करण्यात आले व तो भारतात परतला. रिंकू काही वर्षे दुय्यम स्तरावर टिकला, दुखापतींनी मागे पडला आणि नंतर व्यावसायिक कुस्तीकडे गेला. सर्वोच्च लीगपर्यंत दोघेही पोहोचले नाहीत. मात्र शिकाऊ म्हणून त्यांनी जे मिळवले ते त्यांच्यापाशी राहिले.

तिसरा कुमार रॉकर. त्याच्या आईचे आईवडील आंध्र प्रदेशातून अमेरिकेत गेले. शाळा संपताच २०१८ मध्ये कोलोरॅडो संघाने त्याला ड्राफ्टच्या ३८ व्या फेरीत निवडले. त्याने ते न स्वीकारता व्हँडरबिल्ट विद्यापीठात प्रवेश घेतला आणि दुसऱ्याच वर्षी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले. साठ लाख डॉलरचा सौदा ठरल्याची वार्ता होती. परंतु वैद्यकीय तपासणीनंतर संघाने करारच केला नाही. एका वैद्यकीय अहवालापुढे सौदा विरून गेला. पुढच्या वर्षी टेक्सासने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले, ५२ लाख डॉलर दिले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो सर्वोच्च लीगमध्ये उतरला. थांबण्याची ताकद त्याला कोठून मिळाली? विद्यापीठात तीन वर्षे खेळून आणि शिकून झाली होती, म्हणून एक नकार आला तरी घरावर आकाश कोसळले नाही.

अमेरिकन बेसबॉलच्या करारात एक कलम मला विशेष आवडते. शाळेतून थेट व्यावसायिक संघात जाणाऱ्या मुलाच्या करारात त्याच्या पुढील महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च संघाने द्यावा, अशी तरतूद करून घेता येते. खेळ सुटल्यावर ठरावीक मुदतीत त्याने शिक्षण सुरू करायचे असते. बँकेच्या भाषेत हा राखीव निधी होय. आपल्याकडच्या करारात असे कलम सहसा नसते, म्हणून तो निधी पालकांनीच उभा केला पाहिजे.

व्यापारी घरांना हा विचार नवा नाही. आपल्या वाडवडिलांनी मुलाला थेट गादीवर बसवले नाही. आधी दुसऱ्याच्या पेढीवर, मामाच्या किंवा परगावच्या आडत्याच्या दुकानी, दोन-तीन वर्षे उमेदवारीला पाठवले. उमेदवारीत पगार जुजबी असे, मुदत ठरलेली असे, आणि मुलगा परत आला तरी कोणी त्याला अपयशी म्हणत नसे. तो माल ओळखायला आणि माणसे वाचायला शिकून आलेला असे. स्काउटच्या बोलावण्याकडे याच नजरेने पाहावे, असे माझे मत आहे. त्याला लॉटरी समजणारे घर मुलावर असह्य भार टाकते. त्याला फसवणूक समजणारे घर मुलाच्या मनात आयुष्यभराची रुखरुख ठेवते. उमेदवारी समजले, की मुदत, मोबदला आणि परतीची वाट हे तीन प्रश्न आपोआप समोर येतात.

मुदत आधी. मुलाला किती काळ वाव द्यायचा हे त्याच्यासमवेत बसून ठरवावे आणि वहीत तारखेसह लिहावे. दोन हंगामांनंतर तो कोणत्या वयोगटाच्या संघात असावा, हे प्रशिक्षकांना विचारून नोंदवावे. त्या तारखेला पुन्हा बसावे. अमर्याद मुदतीचे कर्ज जसे कोणी देत नाही, तसेच हे.

मोबदल्याच्या बाबतीत कायदा समजून घ्यावा. आपल्या कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीचा करार शून्यवत असतो. १९०३ चा मोहरी बीबी खटला वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९४९ मध्ये याहून बोलका निकाल दिला. राज राणी या अज्ञान अभिनेत्रीच्या वतीने वडिलांनी चित्रपटनिर्मात्याशी करार केला होता. तो मोडला तेव्हा भरपाई मिळाली नाही, कारण अज्ञानासाठी केलेला तो करार न्यायालयात टिकला नाही. खेळाडूच्या पालकांनी यातून एवढेच घ्यावे की सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवावा, आणि पुढच्या वर्षीच्या रकमेवर आज खर्च करू नये.

मुलाला पैसे मिळालेच, तर ते त्याच्याच नावे स्वतंत्र खात्यात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार दहा वर्षांवरील मुलास, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतःचे बचत खाते स्वतः चालवता येते. मोठी रक्कम मात्र पालक चालवीत असलेल्या खात्यात असावी. अठरा पूर्ण होताच नव्या सह्या देण्यास विसरू नये. आयकराचा नियमही ध्यानात घ्यावा. अज्ञान मुलाने स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही, त्याचे विवरणपत्र वेगळे भरावे लागते. ती रक्कम ठेवीत गुंतवल्यावर येणारे व्याज मात्र पालकांच्या उत्पन्नात धरले जाते. दुकानाच्या चालू खात्यात हे पैसे मिसळले, तर पुढे भावाभावांतही हिशेब लागत नाही.

आणि पैशाचा ओघ कोणत्या दिशेने आहे ते पाहावे. संघ खेळाडूला पैसे देतो. निवड करून देण्यासाठी जो पालकांकडे पैसे मागतो, तो स्काउट नव्हे. प्रशिक्षणाचे शुल्क असते, त्याची पावती असते; निवडीची किंमत नसते. जन्मतारखेच्या दाखल्यातही कोणाच्या सल्ल्याने हात घालू नये. क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा क्ष-किरण काढून हाडांवरून वय तपासते, आणि एकदा लागलेला डाग कारकिर्दीभर पुसत नाही.

राहिली परतीची वाट. दहावी-बारावी सोडू नये. नियमित शाळा जमत नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. राज्य व राष्ट्रीय स्तरावर खेळणाऱ्यांना परीक्षेत क्रीडागुणांची सवलत आहे आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. क्रिकेटपलीकडे पाहायचे तर शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवास, शाळा व प्रशिक्षण एकत्र मिळते. २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीतील प्रबोधिनीतूनच घडला.

आपल्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. शिबिरातील सराव अनेकदा सूर्यास्तानंतर संपतो आणि भोजनगृह सर्वांसाठी एकच असते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण, कंदमुळे, अंडी यांबाबत काय शक्य आहे ते प्रवेशापूर्वीच विचारावे, आणि कोणता नियम कितपत पाळायचा हे घरच्या वडिलांनी मुलाशी बोलून ठरवावे. पंधरा वर्षांच्या मुलावर हा निर्णय परगावी एकट्याने घेण्याची वेळ आणू नये.

शेवटी दुकानाचा तो न बोललेला प्रश्न. तो बोलून टाकावा. 'दुकान तुझी वाट पाहील, अमुक वर्षापर्यंत' असे वडिलांनी स्पष्ट सांगितले, तर मुलगा मोकळ्या मनाने खेळतो. आणि त्याने परत येण्याचे ठरवले तर मान खाली न घालता येतो. भावाला किंवा बहिणीला गादीची आवड असेल, तर तिचाही विचार याच निमित्ताने व्हावा. स्काउट येवो न येवो, हे बोलणे प्रत्येक घरात एकदा व्हायला हवे. ते पुढच्या शालेय वर्षाआधी झाले, तर बरे.