‘कंपनीनं कापलेत’ हे उत्तर नाही

सात रस्ता परिसरात दवाखाने, लॅब आणि मेडिकलची दुकानं यांची दाटी आहे. अक्कलकोट, मोहोळ, धाराशिव, थेट इंडीकडूनही पेशंट सोलापुरात येतात. डिस्चार्जच्या दिवशी पॉलिसीवाल्यांचा एकच प्रश्न माझ्या कानावर येतो, ‘कॅशलेस होतं ना, मग हे पैसे कशाचे?’ काउंटरवरून उत्तर मिळतं, ‘कंपनीनं कापलेत.’ ही शुद्ध टाळाटाळ आहे.

कापाकापीचा हिशेब अवघड नसतो, तो सांगितला जात नाही. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का असेल, तर रोजचे 3,000 मिळतात. तुम्ही 4,000 ची खोली घेतली. तुम्हाला वाटतं, रोजचे हजार आपण भरू. पण ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’च्या, म्हणजे त्याच प्रमाणात कपातीच्या, कलमानं सर्जन आणि ऑपरेशन थिएटरच्या 80,000 मधलेही 60,000 च मंजूर होतात. 20,000 तुमच्या खिशातून जातात. खोली देताना हे हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या टेबलाला, ठाऊक असतं, पॉलिसी विकताना एजंटला ठाऊक असतं. अंधारात राहतो तो फक्त हप्ता भरणारा. हे अज्ञान त्याचा दोष नाही, ते इतरांच्या सोयीसाठी राखलेलं आहे.

औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चाला ही कात्री लावायची नाही, असं विमा नियामक आयआरडीएआयनं 2020 मध्येच बजावलं होतं. हाउसकीपिंग, एसी, डिस्चार्जची प्रक्रिया हे खर्च खोलीभाड्यातच धरायचे, अशी यादीही नियामकाचीच. तरी बिलात त्यांच्या वेगळ्या ओळी दिसल्या, तर त्या कुणाच्या परवानगीनं, हे हॉस्पिटलनं सांगायला हवं. हॉस्पिटलं म्हणतात, कंपन्या छळतात. कंपन्या म्हणतात, हॉस्पिटलं बिलं फुगवतात. दोघांच्या भांडणाचा भुर्दंड पेशंटनं का सोसायचा?

नियम आपल्या बाजूचे आहेत. आयआरडीएआयच्या 2024 च्या परिपत्रकानुसार हॉस्पिटलची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत कंपनीनं डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची आहे. उशिरामुळे हॉस्पिटलनं जादा आकारणी केली, तर ती कंपनीनं सोसायची. दवाखान्यात दरपत्रक लावणं महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनी बंधनकारक आहे. पॉलिसीचा सारांश सांगणारं ग्राहक माहितीपत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत, म्हणजे मराठीत, द्यावंच लागतं. किती एजंट हे आपणहून सांगतात?

म्हणून वाचकहो, आजच आपली पॉलिसी काढा. खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला तुमचा ठरलेला वाटा) आणि वेटिंग पीरियड (ठरावीक आजारांचा दावा मिळण्याआधीचा काळ) या तीन गोष्टी शोधा. माहितीपत्रक मराठीत मागा. ॲडमिट होताना ‘माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते?’ हे विचारल्याशिवाय सही करू नका. बिल तपशीलवार घ्या, कपातीचं कारण कलमासह लेखी घ्या. कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. हप्ता तुम्ही भरलाय, हिशेब मागायचा हक्कही तुमचाच आहे.