खोली सातशेची, बादली तीसची

पोस्ट जरा लांबली आहे. पण दवाखाना, परीक्षा, कोर्ट, लेकरांचं ॲडमिशन अशा कामानं ज्यांना बाहेरगावी मुक्काम पडतो, त्यांनी पूर्ण वाचावी.

आधी एक खुलासा. आपल्या कनेरगाव नाक्यावर ‘हॉटेल’ म्हणलं की चहा, भजे आणि पेपर. राहायचं असतं ते लॉज. शहरातले लोक दोन्हीला हॉटेलच म्हणतात. मी आज बोलतोय ते राहायच्या हॉटेलांबद्दल, आणि त्यातही पाचशे ते हजार रुपयेवाल्या लॉजबद्दल, कारण आपली गाठ तिथंच पडते.

गेल्या हिवाळ्यात माझा एक मित्र आईला घेऊन नांदेडला दवाखान्यात गेला होता. सोबत बायको. दोन रात्री मुक्काम. लॉजचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका लॉजचा नाही. त्यानं मला बिलाचा कागद दाखवला तो असा: खोली दोन दिवसांचे १४०० रुपये. जास्तीची गादी, दीडशे रुपये रात्र, दोन रात्रीचे ३००. गरम पाण्याच्या सहा बादल्या, तीस रुपये बादली, १८०. दोन टॉवेल ४०. दोन साबणवड्या २०. पाण्याच्या चार बाटल्या १२०. एकूण २०६० रुपये. म्हणजे सातशेची खोली एक हजार तीसला पडली.

साबणाच्या कागदावर छापील किंमत पाच रुपये होती, ही गोष्ट त्याला घरी आल्यावर दिसली. एक वडी तशीच पिशवीत राहिली होती म्हणून.

आता कुणी म्हणेल, तीस रुपयाच्या बादलीवर एवढी मोठी पोस्ट? तर मला बादलीच्या तीस रुपयांचा राग नाही. गॅसचा भाव मलाही माहीत आहे. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. त्या लॉजच्या समोरच दुसरा लॉज होता. तिथं नऊशे सांगितले. गादी, टॉवेल आणि सकाळी नऊपर्यंत गिझरचं पाणी धरून नऊशे. मित्रानं हिशोब केला, रात्रीला दोनशे वाचतात, आणि सातशेवाल्याकडं गेला. कुणीही गेलं असतं. दोन रात्रीचे तिथं अठराशे लागले असते, इथं दोन हजार साठ लागले. वाचवायला गेला चारशे आणि वरून घातले दोनशे साठ.

पण मला खरी चिंता मित्राची नाही, त्या नऊशेवाल्याची आहे. तो बिचारा खरा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक त्याच्या पायरीवरून परत फिरतं. असं रोज चार जण परत गेले तर पुढच्या वर्षी तो काय करणार? तोही पाटीवर सातशे लिहिणार आणि पोराला सांगणार, बादलीचे पैसे घे रे. अशानं एका बाजारातला खरं बोलणारा माणूस हळूहळू संपतो. मग आपण बसतो म्हणत, सगळेच चोर आहेत.

आणि हे पैसे देतो कोण? ज्याला परत फिरता येत नाही तो. पेशंटची पिशवी, डबा, फाइल, चादर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढलेली बाई बादलीचा भाव ऐकून खाली उतरत नाही. बाळंतिणीसोबत आलेली आजी बाळाचं अंग पुसायला गरम पाणी मागते तेव्हा घासाघीस करत नाही. पोलीस भरतीचं पोरगं पहाटे पाचला मैदानावर जायचं असतं म्हणून आदल्या रात्री आलेलं असतं, त्याला दुसरा लॉज शोधायला वेळ नसतो. ज्याची अडचण मोठी त्याच्याकडून जास्त, असा हा धंदा झालाय.

गंमत बघा. ज्या हॉटेलात खोली आठ हजाराची आहे तिथं साबण, शांपू, दाढीचं सामान, कंगवा, पायात घालायच्या सपाता, सगळं बाथरूममध्ये मांडून ठेवलेलं असतं. आणि सातशेच्या खोलीत साबणाचे वेगळे दहा. अर्थात आठ हजारवाल्याला ते फुकट मिळतं असं नाही, त्याच्या आठ हजारातच ते बसवलेलं असतं. पण त्याला निदान आकडा आधी कळतो.

मोठ्या हॉटेलवालेही काही साधुसंत नाहीत. २०१९ च्या जुलैमध्ये अभिनेता राहुल बोस यानं चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलातलं बिल दाखवलं होतं, आठवत असेल. दोन केळ्यांचे जीएसटी धरून ४४२ रुपये ५० पैसे. देशभर हसू झालं. आपल्या शेजारी अर्धापूरचा केळीवाला शेतकरी ते वाचून काय म्हणाला असेल, ते इथं लिहिण्यासारखं नाही. नंतर त्या हॉटेलला २५ हजारांचा दंड झाला. पण दंड कशाचा झाला हे नीट वाचा. केळी महाग विकली म्हणून नाही. ताज्या फळाला जीएसटी नसतो, तरी लावला म्हणून. दोन केळ्यांचे पावणेचारशे घेणं कायद्यात बसलं, वरचा कर बसला नाही.

पाण्याच्या बाटलीचंही तसंच. छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नये हा नियम किराणा दुकानाला आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण लॉजवर भांडायला जातो. पण सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल संघटनेच्या बाजूनं निकाल दिला, की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्तीला विकलं तर तो वजनमाप कायद्याखाली गुन्हा होत नाही. कारण काय, तर तिथं नुसती बाटली विकली जात नाही, सोबत बसायची जागा, सेवा, वातावरण असतं. झुंबराखाली बसून पाणी पिणाऱ्याच्या बाबतीत हे मला पटतं. पण जिन्याखालच्या फ्रीजमधून पोरानं काढून हातात दिलेल्या बाटलीत कुठलं वातावरण? माझ्या मते मोठ्यांसाठी झालेला निकाल लहान्यांनी सोयीनं पांघरलाय. साबणाचं तर तसंही नाही. पाच छापलेली वडी दहाला देणाऱ्याची तक्रार वैधमापन खात्याकडं जरूर करावी.

कायदा अगदीच आंधळा आहे असंही नाही. रेस्टॉरंटवाले बिलात परस्पर सेवाशुल्क जोडायचे, ते सक्तीनं घेता येणार नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, स्थगिती आणली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. त्याच प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या तेरा प्रकारच्या फसव्या युक्त्यांवर बंदी घातली. त्यातली एक म्हणजे आधी कमी किंमत दाखवायची आणि पैसे भरायच्या पानावर पोहोचेपर्यंत थेंब थेंब करून वाढवायची. ॲपवरून खोली घेणाऱ्याला हा आधार आहे. पण पिशवी खांद्यावर घेऊन काउंटरवर उभं राहणाऱ्याला? युक्ती तर तीच आहे, नुसतं मोबाईलचं पान नाही एवढाच फरक.

मला सगळ्यात नवल वाटलं ते एका फार जुन्या कायद्याचं. इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला. सराई म्हणजे त्या वेळचे लॉज. त्यात सराईवाल्याची कर्तव्यं दिली आहेत. विहीर-गटार साफ ठेवा, पहारेकरी ठेवा, आणि शेवटी एक, की सराई वापरण्याचे दर मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी आणि सांगेल त्या भाषांमध्ये लावा. दीडशे वर्षांपूर्वी! भाषेचासुद्धा विचार केला होता. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळं इंग्रजांचा तो कायदा आपल्या वाट्याला आला नाही. आपल्या वाट्याला हद्दीवरचे करोडगिरीचे नाके आले. मात्र करोडगिरीचं एक बरं होतं, नाका दुरून दिसायचा.

आता लॉजवाल्यांची बाजू. माझे दोन-तीन ओळखीचे या धंद्यात आहेत आणि ही पोस्ट वाचून ते फोन करणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच लिहितो. वीज व्यावसायिक दरानं येते. आपल्या भागातलं बोअरचं पाणी इतकं जड की गिझरच्या कॉइलवर खपल्या धरतात आणि कॉइल जाते. टॉवेल लोक घेऊन जातात. जे नेत नाहीत त्यातले काही त्यानं बूट पुसतात, केसांचा कलप पुसतात, खाली उभी असलेली गाडीसुद्धा पुसतात. दोघांच्या नावावर खोली घ्यायची आणि रात्री दहाला आणखी तिघं वर चढवायचे, हेही आपलेच लोक करतात. हे सगळं खरं आहे. म्हणून टॉवेलचे पैसे लावा, डिपॉझिट घ्या, जास्तीच्या माणसाचे घ्या, बादलीचे घ्यायचे तर तेही घ्या. फक्त चावी देण्याआधी सांगा.

यात्रेच्या गावात पहाटे एखादी बाई रस्त्याच्या कडेला चुलीवर हंडा ठेवून आंघोळीचं गरम पाणी विकते. तिच्याशी कुणी भांडताना मी बघितलं नाही. एवढे रुपये बादली, पाहिजे तर घ्या, नाही तर ते बघा थंड पाण्याचा नळ. कागद नाही, कोट नाही, काउंटर नाही, पण व्यवहार स्वच्छ. लॉजवाल्यानं तिच्याएवढं केलं तरी माझं म्हणणं संपलं.

काही जण लगेच शेगावचं उदाहरण देतील. तिथल्या भक्तनिवासाची स्वच्छता आणि शिस्त आपण सगळ्यांनी बघितली आहे. पण ते संस्थान आहे, तिथं सेवेकरी सेवा म्हणून राबतात. बँकेचा हप्ता भरणाऱ्या लॉजवाल्याला त्या मापानं मोजू नये. तरी दोन गोष्टी कुठल्याही खोलीच्या भाड्यात धरलेल्याच असाव्यात असं मला वाटतं. एक प्यायचं पाणी. बाटलीतलं नको, माठातलं नाहीतर फिल्टरचं चालेल, पण असावं. आणि दुसरं, थंडीत सकाळी माणशी एक बादली गरम पाणी. पेट्रोल पंपावर हवा आणि प्यायचं पाणी फुकट द्यावं लागतं, तिथं तर माणूस पाच मिनिटं थांबतो.

तक्रार कुठं करायची? ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण खरं बोलू, सहाशे साठ रुपयांसाठी कनेरगावचा माणूस तारखा करत बसणार नाही. जाण्या-येण्यातच तेवढे जातील. आणि लॉजवाल्यालाही हे पक्कं माहीत आहे. एकेकाचे थोडे थोडे घेतले की कुणीच कोर्टाची पायरी चढत नाही.

म्हणून आपल्या हातातलं करू. खोलीला फोन केला की ‘रेट काय’ असं विचारणं बंद करा. ‘आम्ही तिघं, गादी, गरम पाणी, टॉवेल सगळं धरून एका रात्रीचे किती?’ असं विचारा. समोरचा अडखळला की समजा. आकडा सांगितला तर तो व्हॉट्सॲपवर मागून घ्या. निघताना पक्कं बिल मागा, ज्यात प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेली असेल. नुसती ‘इतर ३००’ अशी ओळ चालवून घेऊ नका. आणि समोर नऊशेवाला असेल तर त्याच्याकडंही हाच प्रश्न विचारल्याशिवाय परत फिरू नका.

ही गोष्ट आपल्या गावालाही लागू आहे. पैनगंगेच्या अलीकडं आपण, पलीकडं विदर्भ, आणि अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा १६१ नंबरचा महामार्ग आपल्या नाक्याचा. रात्री थांबणारी वाहनं वाढतायत. आज ना उद्या इथं कुणीतरी चार खोल्या काढणारच. जो काढेल त्यानं पहिल्या दिवशी काउंटरच्या मागं मराठीत मोठ्या अक्षरात पाटी लावावी: खोली इतके, गादी इतके, टॉवेल इतके, पाणी खोलीत धरून. त्या पाटीचा फोटो मी माझ्या भिंतीवर टाकीन, जाहिरातीचा एक रुपया घेणार नाही.

तुमच्याकडं लॉजची अशी जुनी बिलं असतील तर खाली टाका. लॉजचं आणि पेशंटचं नाव झाका, गाव आणि दर तेवढे दिसू द्या. नांदेड, अकोला, संभाजीनगर, पुणे, कुठलंही चालेल. पंधरा-वीस जमली की कुठं बादली कितीला जाते त्याचा तक्ता करून टाकतो. पुढच्या वेळी आपल्यापैकी कुणी दवाखान्याला निघालं तर त्याला कामी येईल.