तळ्याकाठचा ध्वज आणि खादीचे माप

बेळगावच्या किल्ल्यालगतच्या तळ्याकाठी 2018 साली उभारलेला 110 मीटर उंचीचा राष्ट्रध्वजाचा स्तंभ आता त्या शहरातील एक प्रेक्षणीय स्थळ होऊन बसला आहे. प्रस्तुत लेखक तेथे गेला त्या दिवशी वारा पडला होता. एवढे अवाढव्य कापड मंद झुळुकीने उलगडत नाही. ते स्तंभाला बिलगून लोंबत होते. सहलीला आलेली मुले माना वर करून वाऱ्याची वाट पाहत होती. तरीही त्या दृश्याने मन भारावते, हे कबूल केले पाहिजे. ज्या शहरात 1956 पासून सीमाप्रश्न धगधगत आहे आणि फडकणारा झेंडा भगवा की लाल-पिवळा यावरून माणसे रस्त्यावर येतात, तेथे मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषकांना आपला वाटावा असा झेंडा हा एकच.

परंतु अशा स्तंभांची जी चढाओढ लागली आहे, ती पाहता काही प्रश्न विचारणे प्राप्त आहे. मार्च 2017 मध्ये अटारीच्या सीमेवर 360 फुटांचा स्तंभ उभा राहिला. त्याच वर्षी महाराष्ट्रदिनी कोल्हापूरने 303 फुटांचा उभारला. 2022 मध्ये होसपेटने 405 फुटांची मजल गाठली, तर 2023 मध्ये अटारीने 418 फुटांवर जाऊन पुन्हा पहिला क्रमांक मिळविला. ध्वजाला असा क्रमांक असतो काय?

वाऱ्याचे गणित या चढाओढीला जुमानत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि जमिनीपासून जितके वर जावे तितका वेग वाढतो. फडफडीचा सर्वाधिक मारा कापडाच्या मोकळ्या कडेवर बसतो व तेथूनच ते उसवू लागते. अटारीचा 120 फूट लांब व 80 फूट रुंद ध्वज पहिल्या काही आठवड्यांतच अनेकदा फाटला आणि बदलावा लागला. इकडे ध्वजसंहिता तर सांगते की, फाटका वा विस्कटलेला ध्वज लावूच नये. गृहमंत्रालयाने 2009 साली अशा स्तंभांवर रात्रीही ध्वज ठेवण्याची मुभा दिली तीही पुरेसा प्रकाश असावा व ध्वज खराब होताच तो तत्परतेने बदलावा या अटींवर. उद्घाटनाच्या दिवशी या अटींची आठवण सहसा कोणी काढीत नाही. त्यांचा खर्च मात्र दरसालचा असतो.

दुसरा प्रश्न कापडाचा. संहितेने ठरविलेल्या नऊ मापांपैकी सर्वांत मोठे माप 6.3 मीटर लांब व 4.2 मीटर रुंद. अटारीचा ध्वज क्षेत्रफळाने त्याच्या तीसपटींहून मोठा. तो हातमागावरच्या खादीचा असणे अवघडच. डिसेंबर 2021 मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेल्या पॉलिस्टरच्या ध्वजालाही मान्यता मिळाली. त्यामुळे घरोघरी स्वस्त ध्वज पोचला, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली? बेळगावपासून फार दूर नसलेल्या हुबळीच्या बेंगेरीत प्रमाणित खादी ध्वज शिवणाऱ्या स्त्रियांची रोजी त्या मागणीवर चालते. आपल्या मराठवाड्यात उदगीरच्या केंद्रात ध्वजाचे कापड विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत ध्वज तयार होतो.

मराठवाड्याच्या वाचकाला या विषयाची एक निराळी बाजूही आठवल्यावाचून राहणार नाही. 15 ऑगस्ट 1947 रोजी उर्वरित देशात तिरंगा चढत असताना निजामी राज्यात तो उभारणे हा अपराध होता; स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. पुढे 17 सप्टेंबर 1948 उजाडेपर्यंत ज्यांनी ध्वज लावला त्यांनी लाठी आणि तुरुंग सोसले. त्या ध्वजांची उंची कोणी मोजली नाही. बिडकीन तेव्हा त्याच राज्यातले खेडे होते. आज तेथे 7,855 एकरांची औद्योगिक नगरी आकारास येत आहे. सप्टेंबर 2024 मध्ये तिचे लोकार्पणही झाले. उद्या तिच्या प्रवेशद्वारी आकाशाला भिडणारा ध्वजस्तंभ हवा, अशी मागणी पुढे आली तर नवल वाटू नये, आणि तिला विरोध करण्याचे धैर्यही फारसे कोणी दाखविणार नाही.

तशी वेळ आलीच, तर निविदेत स्तंभाच्या उंचीबरोबर वर्षाकाठी लागणारे ध्वज, रात्रीचे दिवे, दोर व कप्प्यांची देखभाल आणि वादळाची सूचना मिळताच ध्वज उतरविणारा माणूस, या साऱ्यांची तरतूद पुढील दहा वर्षांसाठी दाखविली जावी. ती झेपणार नसेल, तर संहितेतल्या मोठ्यात मोठ्या मापाचा खादीचा ध्वज बेताच्या काठीवर लावावा आणि त्याची मागणी नांदेडला नोंदवावी. खेड्यापाड्यांच्या शाळांतून 17 सप्टेंबरच्या आदल्या दिवशी कपाटातला ध्वज काढून, त्याची कड उसवली तर नाही ना, हे शिक्षक व शिपाई मिळून उजेडात धरून पाहतात. तीनशे फुटांवरची कड कोण पाहणार, हे निविदा काढण्यापूर्वीच ठरलेले बरे.