सोपारा आणि अशेरीगड : दोघांचेच दोन दिवस



आपल्या समाजात प्रवास कमी होतो असे कोणी म्हणणार नाही. पालिताणा, शंखेश्वर, शिखरजी, शिवाय लग्ने आणि प्रतिष्ठा महोत्सव. एका बसमध्ये चाळीस माणसे, थेपल्यांचे डबे, मागच्या बाकावर नातवंडांचा गोंधळ. हे सर्व हवेच. परंतु पती-पत्नी दोघेच दोन दिवस कोठे गेली आहेत, असे लग्नानंतरच्या पहिल्या सहलीनंतर किती घरांत घडते? दुकान उघडे असते, सासू-सासरे थकलेले असतात, मुलांच्या परीक्षा असतात. बघता बघता पंचवीस वर्षे होतात.

बँकेतील माझ्या सेवेची बरीच वर्षे कर्ज विभागात गेली. कॅश क्रेडिटच्या कागदांवर पत्नी जामीनदार म्हणून सही करीत असे. मी नियमाप्रमाणे विचारी, ‘बहेन, कागद वाचलात ना?’ बहुतेक वेळा त्या माझ्याकडे न पाहता पतीकडे पाहत. अशाच एका भगिनीवर पुढे अकस्मात वैधव्य आले. कोणाकडे किती येणे आहे, गोदामातील कोणता माल उधारीचा आहे, यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नव्हते. पतीने लपविले होते असेही नाही. सांगायला निवांत वेळच मिळाला नव्हता. म्हणून या वेळी या स्तंभातून वाणगाव, बोईसर आणि पालघरच्या व्यापारी दांपत्यांपुढे दोन दिवसांचा एक बेत ठेवीत आहे. खर्च बेताचा आहे आणि विमानाचे तिकीट लागत नाही.

शनिवारी सकाळी वाणगावहून लोकल धरावी. 2013 पासून डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्यामुळे नालासोपारा आता दूर राहिलेले नाही. फार तर विरारला गाडी बदलावी लागते. नालासोपारा म्हटले की गर्दी आणि इमारती एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तथापि पश्चिमेला रिक्षाने थोडे आत गेले की विटांचा एक प्राचीन स्तूप लागतो. ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी ही टेकडी 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली. जुनागढचे हे विद्वान आपल्यालाही आपले वाटावेत असे आहेत. कलिंगाचा जैन सम्राट खारवेल याच्या हाथीगुंफा लेखाच्या वाचनाचे मोठे श्रेय त्यांचेच. स्तूपाच्या मध्यभागी त्यांना दगडी पेटी मिळाली. तीत आठ कांस्यमूर्ती आणि तांब्याचा करंडक होता. तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याचे लहान लहान तुकडे! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपलेले होते. सराफी पेढीवरच्या आपल्या बांधवांनी या क्रमाचा जरूर विचार करावा. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मुंबईच्याच वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपापाशी पाहायला उरते ती विटांची बैठक, झाडांची सावली आणि शांतता. दोघांना बसायला तेवढे पुष्कळ आहे.

एकेकाळी येथे समुद्रमार्गे येणाऱ्या मालाचे मोठे बंदर होते. ग्रीक नाविकांच्या जुन्या मार्गदर्शिकेत ‘सुप्पारा’ हे नाव आढळते. नाणेघाटात प्रवाशांसाठी पाण्याचे टाके खोदवणारा गोविंददास सोपाऱ्याचाच होता. त्याचे नाव दगडावर राहिले, बंदर मात्र खाडीच्या गाळाने बुजले.

आपल्या घरांत ओळीच्या दिवसांत श्रीपाल राजाची कथा ऐकतात, तिच्यातही सोपारक नगर येते. मला मात्र येथे आठवतात ते श्रेष्ठी जिनदत्त आणि त्यांची पत्नी ईश्वरी. बारा वर्षांचा दुष्काळ पडलेला. पेटीत द्रव्य आहे, पण बाजारात धान्य नाही. ईश्वरीने एक लाख मोहरांचा तांदूळ आणून शेवटचा भात रांधला. त्यात विष कालवून सर्व कुटुंबाने शांतपणे देह ठेवावा, असे ठरले होते. तेवढ्यात आचार्य वज्रसेन गोचरीसाठी दारी आले. लाखमोलाचा भात ज्या दिवशी रांधला जाईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, हे वज्रस्वामींचे वचन त्यांनी सांगितले. ईश्वरीचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली. पुढे त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ति आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुळे प्रसिद्ध झाली.

परंपरेतील ही कथा आपण दीक्षेच्या आणि कुळांच्या संदर्भात ऐकतो. माझे लक्ष मात्र त्या स्वयंपाकघराकडे जाते. घरात किती धान्य आहे, पेटीत किती द्रव्य आहे आणि उद्या काय येणार नाही, हे सारे ईश्वरीला पूर्णपणे माहीत होते. एवढ्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरात पत्नीपासून काही झाकलेले नव्हते. स्तूपाजवळच्या सावलीत बसून पतीने ही कथा पत्नीला सांगावी आणि मग आपल्या येण्या-देण्याचा हिशेबही सांगावा. सौ.ला पहिल्यांदा मी आमच्या ठेवींची यादी वाचून दाखविली तेव्हा ती म्हणाली, ‘एवढेच होते, तर इतकी वर्षे कुलूप कशाला?’ त्यावर मला उत्तर सुचले नाही.

दुपारनंतर परतीच्या गाडीने केळवे रोडला उतरून केळव्याला मुक्काम करावा. सुरूच्या बनाला लागून समुद्र आहे आणि गावात घरगुती निवासाची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. शुद्ध शाकाहारी, कंदमुळांशिवाय जेवण आणि चौविहारासाठी सूर्यास्तापूर्वीची वेळ हे दोन्ही आधी दूरध्वनीवर ठरवून घ्यावे. संध्याकाळी किनाऱ्यावर चालावे. मोबाईल खोलीत ठेवला तर बाजारभाव काही कोसळत नाहीत.

रविवारी पहाटे पालघरमार्गे मनोरकडे निघावे. वाघोबा खिंडीचा घाट ओलांडला की समुद्राचा मुलूख मागे राहतो आणि डोंगर सुरू होतात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मस्तान नाक्यावरून पुढे खोडकोना गावापर्यंत जाता येते. तेथून अशेरीगडाची चढण सुमारे दोन तासांची आहे. वाट सागाच्या दाट जंगलातून जाते. वसईच्या पोर्तुगीजांना गलबतांसाठी लागणारे सागवान याच परिसरातून मिळे, म्हणून या गडाचे त्यांना मोठे मोल होते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात गड मराठ्यांकडे आला. वर खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत, पाण्याची टाकी आहेत, देवीचे स्थान असलेली गुहा आहे, आणि पोर्तुगीजांचे राजचिन्ह कोरलेला दगडही आहे. माथ्यावरून चहूकडे हिरव्या डोंगरांच्या रांगा दिसतात. सोपाऱ्याला ज्यांनी आकड्यांविषयी बोलून घेतले असेल त्यांना येथे काही न बोलताही बसता येईल.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात खडकावरील टप्पा निसरडा होतो आणि पायाखालची जीवहिंसाही टळत नाही. उकाळलेले पाणी माणशी दोन लिटर तरी घ्यावे, खाखरे आणि सुकामेवा बरोबर ठेवावा. गुडघे दुखणाऱ्यांनी गुहेपर्यंतचा हट्ट धरू नये, अर्ध्या वाटेवरील सावलीही चांगली आहे. वाट दाखवायला पाड्यावरील कोणी आले तर त्यांची मजुरी निघण्यापूर्वी ठरवावी आणि त्यात घासाघीस करू नये. दुपारी तीनच्या आत खाली उतरावे. खोडकोन्याहून परतीची रिक्षा मिळेलच असे नाही, म्हणून सकाळच्या रिक्षावाल्यालाच परतीची वेळ सांगून ठेवावी.