बैल आणि दावे

दुसऱ्याच्या संसारात सल्ला देण्याची हौस आपणां सर्वांनाच असते. पदरचे काही जात नाही, आणि बुडालेच तर दुसऱ्याचे बुडते. गेल्या शतकात या हौसेचा एक भारदस्त धंदा झाला. लढाईने होरपळलेल्या देशाला 'आता उभे कसे राहावे' हे सांगणारे अर्थशास्त्रज्ञ निर्माण झाले. त्यांतले पुष्कळसे विमानाने येतात, अहवाल लिहितात आणि विमानाने परत जातात. आज मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते नुरूल इस्लाम हे त्या जातीचे नव्हेत. जळालेले घर त्यांचे स्वतःचेच होते.

१९२९ साली चितगावकडे जन्मलेला हा माणूस हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन १९५५ नंतर ढाक्याच्या विद्यापीठात शिकवू लागला. पुढे कराचीच्या विकास-अर्थशास्त्र संस्थेचा संचालक झाला. पाकिस्तान नावाला एक असले तरी त्याचे अर्थव्यवहार दोन आहेत, पूर्वेच्या तागाने मिळवलेले परकीय चलन पश्चिमेकडे खर्च होते, हे आकड्यांनिशी मांडणाऱ्या बंगाली अर्थशास्त्रज्ञांत ते होते. शेख मुजीबुर रहमान यांच्या सहा कलमी मागणीमागचे अर्थकारणही या मंडळींनीच घडवले. १९७१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ते सीमा ओलांडून भारतात आले आणि तेथून अमेरिकेत गेले.

जानेवारी १९७२ मध्ये नव्या देशाचे नियोजन मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष मुजीब, उपाध्यक्ष नुरूल इस्लाम. आणि सभासद रेहमान सोभान, अनिसुर रहमान, मुशर्रफ हुसेन. चौघेही अर्थशास्त्र शिकवणारे! मास्तरांच्या हाती एवढा कारभार क्वचितच आला असेल. आणि तो कसला? सुमारे एक कोटी माणसे भारतातून परतत होती. चितगाव बंदरात सुरुंग पेरलेले. पद्मेवरचा हार्डिंज पूल मोडलेला. कारखान्यांचे मालक पळालेले. मार्चमध्ये बँका, ताग-गिरण्या आणि कापड-गिरण्या सरकारने घेतल्या खऱ्या, पण चालवायला माणसे कोठून आणायची?

त्याच सुमारास जागतिक बँकेचे अध्यक्ष रॉबर्ट मॅक्‌नमारा ढाक्याला आले. तुम्हाला काय हवे, असे त्यांनी विचारताच अर्थमंत्री ताजुद्दीन अहमद म्हणाले, बैल हवेत. आणि ते बांधायला दोर हवेत. ताजुद्दीन यांचा सूर बोचरा होता, असे सांगतात. अमेरिकेने युद्धात कोणाची बाजू घेतली हे ते विसरले नव्हते. पण मागणी खोटी नव्हती. आपल्याकडे बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला हसतात. तेथे बैलही गेले होते आणि दावेही.

बैलाचे दावे मिळेना, परंतु धनकोंचे दावे मात्र लगोलग दाराशी आले. (मराठीने हा श्लेष फुकट दिला आहे, तो सोडवत नाही.) १९७१ पूर्वी पाकिस्तानने काढलेल्या कर्जाचा वाटा नव्या देशाने उचलावा, असा मदत देणाऱ्या राष्ट्रांचा आग्रह होता. नुरूल इस्लामांचे म्हणणे असे की, कर्ज काढले दुसऱ्यांनी, खर्च झाला मुख्यतः दुसरीकडे. आम्ही फेडायचे का? हा वाद दोन वर्षे चालला. अखेर १९७४ मध्ये, ज्या कर्जातून बांगलादेशाच्या भूमीवर प्रत्यक्ष काही उभे राहिले होते तेवढ्याची जबाबदारी घेऊन तो मिटला. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत अभिमानास्पद भाग वाटतो. भुकेल्याने हिशेब मागायचा म्हणजे छाती लागते.

पण १९७४ हेच साल भुकेचेही निघाले. त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला पूर आले. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली होती, आणि क्यूबाशी व्यापार करणाऱ्याला धान्य न देण्याचा अमेरिकेचा कायदा होता. पोती थांबवीपर्यंत धान्याची जहाजे अडली. रंगपूर, मैमनसिंग, सिल्हेट या जिल्ह्यांत लोक मेले. सरकारी आकडा २६,००० चा. इतरांचे अंदाज त्याच्या कितीतरी पट. जवळजवळ सहा हजार लंगरखाने उघडावे लागले. पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिले की, १९७४ मध्ये देशात माणशी धान्य आसपासच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते, उलट जास्तच होते. पुरामुळे शेतमजुराची मजुरी बुडाली आणि तांदूळ त्याच्या आवाक्याबाहेर गेला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आठवड्याची मजुरी घेतलेली माणसे अजून आहेत. त्या मजुरीची किंमत त्यांना ग्रंथातून कळायला नको.

१९७५ उजाडेपर्यंत मंडळातले चौघेही मास्तर बाहेर पडत गेले. नोकरशाहीला हे उपरे नको होते, आणि मंत्र्यांना पंचवार्षिक योजनेपेक्षा पुढचा आठवडा महत्त्वाचा वाटे. नुरूल इस्लाम ऑक्सफर्डला गेले. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला मुजीब यांची हत्या झाली.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, "अहो, मास्तराने सत्तेच्या दाराशी जाऊच नये." मला हे पटत नाही. मग जायचे कोणी? परतीचे तिकीट खिशात घेऊन आलेल्यांनी? नुरूल इस्लामही शेवटी गेले, हे खरे. पण तीन वर्षे रोज शिव्या खाऊन, आणि झाल्यागेल्याचा जाब स्वतःच्या नावाने देऊन. १९७७ चा त्यांचा बांगलादेशच्या नियोजनावरचा ग्रंथ आणि २००३ च्या आठवणी हा तो जाब आहे.

नंतर दहा वर्षे ते रोममध्ये राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेचे सहायक महासंचालक होते. त्यानंतर वॉशिंग्टनच्या अन्नधोरण संशोधन संस्थेत. इकडे जागतिक बँकेचे ढाक्यातले पहिले प्रतिनिधी, नॉर्वेचे युस्ट फालंड, यांनी १९७६ मध्ये पार्किन्सन यांच्यासह पुस्तक लिहून बांगलादेशाला विकासाची कसोटी म्हटले होते: येथे जमले तर कोठेही जमेल. २०१५ मध्ये त्याच बँकेने या देशाला गरीब राष्ट्रांच्या यादीतून काढून निम्न-मध्यम उत्पन्नाच्या वर्गात घातले. नुरूल इस्लाम तेव्हा ८६ वर्षांचे होते. ८ मे २०२३ रोजी ते गेले, वॉशिंग्टनलाच.